शेवटची वीतभर वाळू

ही हकिकत सांगायची मी चौतीस वर्षं टाळली. मध्ये दोन-तीनदा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली, आणि चहाची वेळ झाली म्हणून उठलो. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. आता ती नाही, मुलं आपापल्या गावी आहेत, आणि एकोणऐंशीव्या वर्षी टाळायला निमित्तं तरी किती उरणार?

दोन महिन्यांपूर्वी लातूरला सुजाता वारली. गोल्फमध्ये दोनदा देशाची विजेती. वर्तमानपत्रात तिच्यावर थोडंसं आलं, आणि त्यातल्या दोन वाक्यांसाठी मी हे लिहितो आहे. एक वाक्य असं होतं की, डावा हात पाठीमागे बांधून चेंडूकडे चालत जाण्याची तिची ऐटदार लकब सगळीकडे नावाजली गेली. दुसरं असं की, उमेदवारीच्या काळात एका स्पर्धेत लबाडी केल्यामुळे तिला बाद ठरवण्यात आलं होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच दुपारची आहेत. लिहिणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. मी त्या दुपारी तिथे होतो.

बातमी वाचल्यावर मी रिक्षा केली आणि जुन्या वसाहतीवर गेलो. नांदेडहून अर्धापूरकडे जाताना कालव्याच्या काठी पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर होत्या. आता दारं-खिडक्या गेल्यात. जिथे माझी बाग होती तिथे वेडी बाभूळ माजली आहे. कालव्याचा पूल ओलांडला, तर पलीकडेही तीच. काठीनं फांद्या बाजूला सारत मी आत शिरलो, तर रिक्षावाला मागून ओरडला, “बाबा, काय शोधून राहिलेत? जनावर असतंय तिथं!”

“खळं शोधतोय.”

“सरकारी रानात कुठलं आलं खळं?”

पण ते होतं. बाभळी एका जागी येऊन थांबल्या होत्या. आत बारा-तेरा पावलांचा काळपट गोल, आणि त्या गोलात गवताची एक काडी नाही. इतक्या वर्षांत इतका पाऊस पडला, तरी आम्ही ओतलेलं तेल जमिनीनं सोडलं नव्हतं.

गोल्फ आमच्याकडे आणलं ते मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी. कुठल्यातरी थंड हवेच्या गावी त्यांना हा नाद लागला होता. कालव्यापलीकडची मुरमाड जमीन पडीक होती. तिच्यावर त्यांनी नऊ गड्डे आखले. गोल्फमध्ये गड्ड्याभोवती मऊ हिरवळ लागते. आमच्याकडे मे महिन्यात माणसांच्या अंघोळीचे वांधे, हिरवळ कुठून आणणार? मग अशा कोरड्या मुलखात करतात तेच साहेबांनी केलं. गड्ड्याभोवती बारीक वाळूचा गोल, आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात ट्रकचं जळकं तेल. इंग्रजीत त्याला ब्राऊन म्हणतात. लक्ष्मण त्याला खळं म्हणायचा, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

लक्ष्मण म्हणजे सुजाताचा बाप. रोजंदारीवर होता, पण त्या नऊ खळ्यांचा खरा मालक तोच. पहिल्या दिवशी गड्डा खणताना तो मला म्हणाला होता, “साहेब, एवढ्या रानात ज्वारी पेरली असती तर लई पिकली असती. अन् तुम्ही उंदरावाणी बिळं कोरून राहिलेत.” पण गड्ड्यात बसवायला वनस्पती तुपाचे रिकामे डबे त्यानंच गोळा केले. चेंडू डब्यात पडला की टण्ण असा आवाज व्हायचा. दुपारच्या शांततेत तो आवाज कालव्याच्या पुलापर्यंत जायचा. आवाज आला की लक्ष्मण जिथं असेल तिथून ओरडायचा, “गेली का एकदाची बिळात?”

त्या दिवसांना तेलाचा वास आहे. तापलेल्या वाळूतून वर येणारा, थोडा गोडसर, डोक्यात बसणारा. कालव्याला पाणी सुटलं की त्यात ओल्या मातीचा वास मिसळायचा, आणि वारा अर्धापूरकडून असला तर केळीच्या बागांचा. अंगावरच्या सदऱ्याला तो वास महिना महिना असायचा. माझी बायको कपडे भिजवताना म्हणायची, “तुम्ही इंजिनियर हाव का गॅरेजवाले?”

सुजाता दहा वर्षांची असताना बापाची भाकरी घेऊन यायची आणि मग परत जायचीच नाही. मोडक्या छत्रीच्या दांड्यानं बाभळीच्या शेंगा टोलवत बसायची. मोठ्या साहेबांनी एकदा ते पाहिलं आणि आपली एक जुनी काठी कापून तिच्या मापाची करून दिली. तीन वर्षांनी साहेबांची बदली झाली. मैदान, लक्ष्मण आणि ती काठी, तिन्ही माझ्याकडे राहिली. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. साहेबांकडून मिळालेलं नियमांचं पुस्तक आणि रविवारची सुट्टी, एवढंच माझं भांडवल. तरी तिला शिकवलं मी. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहितो आहे. तिला शिकवलं मी.

वाळूच्या खळ्यावर एक चाल असते. पावलांनी, पाखरांनी वाळू खाली-वर होते, म्हणून चेंडू मारण्याआधी चेंडूपासून गड्ड्यापर्यंतची रेघ एकदा फळी ओढून सारखी करून घेतात. एकदाच. आमची फळी लक्ष्मणनं सागवानाची केली होती, पाण्याच्या नळाचा दांडा बसवून. सुजातानं पहिल्याच महिन्यात तिच्यातली खोट शोधली.

“काका, फळी गड्ड्यापाशी थांबली की तिथं वाळूचा बांध राहतो बघा. चेंडू तिथंच अडतोय.”

मी उकिडवा बसून पाहिलं. खरंच बांध होता, बोटभर उंचीचा.

“मग शेवटची वीतभर वाळू हातानं सारखी कर.”

“चालतंय का तसं?”

“मी सांगतो ना. आपल्याकडं चालतं.”

तिनं गुडघा टेकला, डावा तळवा वाळूवर सपाट ठेवला आणि लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. मग उठून चेंडू मारला. टण्ण. त्या दिवसापासून तिचा तो शिरस्ताच झाला. तळव्याच्या रेषांत तेल बसून तिचा डावा हात कायम काळा दिसायचा. शाळेत बाई रागवायच्या. ती घरी येऊन राखेनं घासायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. मी पत्र्याच्या तुकड्यावर, शाळेच्या पाटीएवढ्या, रंगानं नियम लिहून पहिल्या खळ्याशी लावला: ‘रेघ फळीने एकदाच सारखी करावी. गड्ड्यालगतची वीतभर हाताने.’ खाली माझी सही. अक्षर बरं होतं माझं.

लक्ष्मणच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली तिच्या काठ्या उभ्या असायच्या. हिवाळ्यात सकाळी धुकं कालव्यावर बसलेलं असताना ती एकटीच मैदानावर दिसायची, डोक्याला बापाचा मफलर. धुक्यात ती नीट दिसत नसे. फळी ओढल्याचा खरखर आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग टण्ण. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते मोजत असे. शांतता कशाची आहे हे मला कळायचं. गुडघा टेकलेला आहे, तळवा वाळूवर आहे.

ती सतरा वर्षांची असताना बदलून गेलेल्या मोठ्या साहेबांनी खटपट करून हैदराबादच्या एका स्पर्धेत तिचं नाव घातलं. लक्ष्मणला रजा मिळाली नाही. मी तिला घेऊन रेल्वेनं गेलो. मुदखेडच्या पुढे तिनं भाकरी सोडली, मला शेंगदाण्याची चटणी दिली आणि म्हणाली, “काका, तिथं खरं गवत असतंय म्हणे. त्याच्यावर चालायचं म्हणजे जीवावर येतंय. हिरव्या पिकात चालल्यावाणी.”

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मैदानाच्या चिटणीसांनी बाहेरगावच्यांना चहाला बोलावलं. पांढरे कपडे, वेताच्या खुर्च्या, इतकी हिरवी जमीन की बघून तहान लागावी. चिटणीसांनी मला सहज विचारलं, तुमच्याकडे हिरवळ कशी टिकते? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कालव्याचं पाणी आहे ना. नऊच्या नऊ हिरव्या आहेत.” का बोललो? माझे बूट तेलकट होते आणि मी ते खुर्चीखाली ओढून घेत होतो, एवढंच आठवतं.

मग आम्ही मैदान बघायला निघालो. पहिल्या गड्ड्याशी सुजातानं इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “काका, हितं फळी न्हाई?”

चिटणीस चार पावलांवर होते. मी दबक्या आवाजात म्हणालो, “गवताला फळी लागत नाही. चल पुढं.”

“अन् हात?”

“चल म्हटलं ना.”

नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. हिरवळीवर चेंडूच्या वाटेला हात लावायचा नाही, लावला तर दोन फटके दंड, हे त्यात होतं आणि मी वाचलेलं होतं. मुक्कामावर गेल्यावर सांगू, म्हणालो मनाशी. आणि विसरलो. निदान विसरलो असं मी इतकी वर्षं म्हणत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी ती कशी खेळली हे सांगायला मला शब्द नाहीत. गवतावर चेंडू वेगळा पळतो. तीन गड्ड्यांत तिनं ते ओळखलं. सतरा गड्डे तिनं हात आवरला, इतर बायकांचं बघून असेल. अठराव्यावर ती सगळ्यांच्या पुढे होती. चेंडू गड्ड्यापासून दोन हातांवर. कडेला माणसं जमलेली, आवाज नाही. आणि त्या शांततेत तिला आपलं खळं आठवलं असणार. तिनं गुडघा टेकला, डावा तळवा गवतावर सपाट ठेवला आणि शेवटची वीत सारखी केली. हळू, नेहमीसारखी. मग उठून चेंडू आत घातला. तिथल्या गड्ड्यात डबा नव्हता, आवाज आला नाही. ती माझ्याकडे बघून हसली.

तिनं आपल्या गुणांच्या कार्डावर सही केली. त्यात दंडाचे दोन फटके नव्हते, तिला ते ठाऊकच नव्हते. कमी फटके लिहून सही केली की खेळाडू बाद होतो. तिथपर्यंत नियम होता आणि तो बरोबर होता. पण पंचांच्या तंबूत तिला विचारलं गेलं, मुद्दाम केलंस का?

“आमच्याकडं असंच करतेत,” ती म्हणाली. “काकांनी शिकवलं.”

सगळे माझ्याकडे वळले. चिटणीस म्हणाले, “पण तुमच्याकडे तर हिरवळ आहे, काल म्हणालात. हिरवळीवर हात फिरवायला तुम्ही शिकवलंत?”

एक वाक्य पुरेसं होतं. आमच्याकडे वाळू आहे, मी काल खोटं बोललो, हिचा दोष नाही. ती बाद झालीच असती, पण अजाण म्हणून. गावाकडची पोर, नियम माहीत नव्हता म्हणून. तंबूत पंखा फिरत होता. समोर काचेच्या भांड्यात लिंबाचं सरबत होतं.

मी म्हणालो, “नाही. मी असं काही शिकवलं नाही.”

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आसंल. माझंच चुकलं.”

परतीच्या गाडीत तिनं मला पुन्हा चटणी-भाकरी दिली. फक्त म्हणाली, “घ्या, साहेब.” सात वर्षं मी काका होतो. पुन्हा कधी झालो नाही.

वसाहतीवर पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते ती पत्र्याची पाटी उपटून घरी नेण्याचं. लक्ष्मण तेलाचा डबा घेऊन उभा होता.

“पाटी काढली का साहेब?”

“गंजली होती.”

“परवाच तर रंग दिला होता म्या,” तो म्हणाला. आणि खाली बसून वाळूत तेल कालवायला लागला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. क्रीडा कोट्यातून तिला नोकरी लागली, ती पुण्याला गेली, जिंकत गेली. दोनदा देशात पहिली आली, परदेशी खेळून आली. मी कात्रणं कापायचो. प्रत्येक फोटोत हिरवळीवर चालताना तिचा डावा हात पाठीमागे असायचा, मूठ वळलेली. वर्तमानपत्रांनी त्याला ऐट म्हटलं. पुढच्या मुली तसंच चालायला लागल्या. कुणाच्याही डोळ्यांसमोर तो हात गवताला लागू नये म्हणून तिनं तो बांधून ठेवला होता. लोक तिच्या हाताकडे बघतात हे तिला ठाऊक होतं.

लग्न लातूरच्या एका प्राध्यापकाशी झालं, एक मुलगी झाली, आणि मोडलं. ते मला लक्ष्मणनं सांगितलं. निवृत्तीनंतर मी नांदेडात घर बांधलं होतं; तो अधूनमधून यायचा, पायरीवर बसायचा, कितीदा म्हटलं तरी खुर्चीवर नाही.

“जावई भांडणात तिला चोरटी म्हणला, साहेब. सगळ्यांदेखत.”

मी त्याच्या बशीत चहा ओतला.

“भांडणात माणूस कायबी म्हणतंय. पण हेच का म्हणला असंल?” त्यानं विचारलं आणि माझ्याकडे न बघता बशीतला चहा पिऊन टाकला. त्याला माहीत होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. त्या साली थंडीत तो गेला.

मग तिचा हात आखडायला लागला. लांबून मारताना काही नाही. दोन हातांवरून चेंडू आत घालायचा असला की मनगट लाकूड व्हायचं. टीव्हीवर मी एकदा पाहिलं. ती चेंडूवर वाकली आणि तशीच राहिली. मी खुर्चीच्या हातावर तळवा फिरवत होतो, माझ्याही नकळत. चेंडू गड्ड्याच्या बाजूनं गेला. त्यानंतर दोन वर्षांनी तिनं खेळ सोडला आणि मुलीला घेऊन लातूरला आली. एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली.

गेल्या वर्षी, उन्हाळा लागायच्या आत, मी ठरवून लातूरला गेलो. बसमध्ये मांडीवर पिशवी होती. तिच्यात अर्धापूरची केळी, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पत्र्याची पाटी. ती दाखवायची आणि बोलायचं, असं ठरवलं होतं. लोह्यापासून मी वाक्य घोकत होतो.

शाळेच्या मागच्या मैदानावर ती उभी होती. केस पिकलेले, गळ्यात शिट्टी. आणि तिच्यासमोर दोन खळी. वाळूची, तेलाची. वास आला आणि माझे पाय थांबले.

“या साहेब,” ती हसली. “लातूरला प्यायला पाणी आठ-आठ दिवसांनी. गवत कुठून आणू? मग म्हणलं, आपलं खळंच बरं.”

सात-आठ मुली होत्या. एकीच्या हातात नळाच्या दांड्याची सागवानी फळी होती. लक्ष्मणची. दांडा घासून चकचकीत झालेला. त्या मुलीनं रेघ ओढली, गुडघा टेकला, शेवटची वीत हातानं सारखी केली. टण्ण.

“इथं हात लावायचा,” सुजाता त्यांना सांगत होती. “गवतावर गेलात की न्हाई. तिथं हात पाठीमागं. काय सांगितलं?”

“गवतावर न्हाई, मॅडम!”

मग तिनं मला हाताला धरून पुढे आणलं. “ह्यांना नमस्कार करा. मी तुमच्यापेक्षा लहान होते तेव्हा ह्यांनी शिकवलं मला.”

एक बारकी, दोन वेण्यांची पोर पुढे आली. “गवतावर हात लावायचा न्हाई हेबी ह्यांनीच शिकवलं का, मॅडम?”

सुजातानं तिची वेणी सरळ केली. “ते माझं मी शिकले,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. टोचणी नव्हती, काही नव्हतं. “चला, फळी धरा. कुणाचा नंबर हाय?”

ती वेळ होती. मी पिशवीत हात घातला आणि केळी काढली. मुलींनी केळी वाटून घेतली. सुजाता माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, “अजून जड दिसती पिशवी. काय हाय साहेब?”

“डबा आहे,” मी म्हणालो. “जेवणाचा.”

“मग बसा की! आमच्यासोबतच जेवा.”

“जेवलो मी. बसमध्ये.”

ती हसली. “जेवलात तर डबा जड कसा?” आणि थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, तंबूत पाहिलं होतं तसंच, फार वेळ नाही. मग म्हणाली, “राहू द्या. बसची वेळ होईल तुमची. पुढच्या वेळी निवांत या.” स्टँडपर्यंत ती सोडायला आली. बस हलली तेव्हा तिनं हात केला. डावा हात. तळव्याच्या रेषा पुन्हा काळ्या झालेल्या होत्या.

पुढची वेळ आली नाही. तिचं दुखणं तेव्हाच सुरू होतं, तिनं सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बाभळीतल्या गोलाशी मी बराच वेळ उभा होतो. गुडघे टेकवत नाहीत आता. काठी धरून कसाबसा बसलो आणि तळवा जमिनीवर ठेवला. गरम होती. रिक्षावाला धावत आला, “बाबा, पडलात का?” मी म्हणालो, पडलो नाही, बसलोय.

पाटी आता टेबलावर आहे. रंग बऱ्यापैकी टिकला आहे. सही वाचता येते. ती मी लातूरच्या त्या मुलींकडे पाठवणार आहे, आणि ज्यांनी ती दोन वाक्यं छापली त्यांच्याकडे हा कागद. त्या दुपारी तंबूत माझ्या तोंडात जे वाक्य होतं आणि लोह्यापासून लातूरपर्यंत जे मी घोकत गेलो, ते एवढंच होतं. सुजाता, आमच्याकडे वाळू होती. हात फिरवायला मीच शिकवलं होतं. गवतावर फिरवायचा नाही हे सांगायचं राहिलं, तेही माझंच. तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. मला माफ कर.